फलश्रुतीची घाई

आपल्याकडे पोथी फलश्रुतीवाचून संपत नाही. व्रताची कहाणी सांगून झाली की ती ऐकल्याने काय मिळेल हे सांगावे लागते. आणि ज्याचे जे हरवले होते ते त्याला परत मिळाल्याखेरीज कहाणी ‘सुफळ संपूर्ण’ होत नाही. ही सवय पोथ्या ऐकणाऱ्यांपुरतीच असती तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. पण माणसांची आयुष्येही आपण याच सवयीने वाचतो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिला क्रिकेट संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून एकदिवसीय विश्वचषक प्रथमच जिंकला, आणि त्या रात्रीपासून संघाचे प्रशिक्षक अमोल मुजुमदार यांची कहाणी घरोघरी सांगितली जाऊ लागली. कहाणी थोडक्यात अशी: तेरा वर्षांचा एक मुलगा पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसला, ती पाळी आली नाही; पुढे त्याने खोऱ्याने धावा काढल्या, पण भारताची टोपी त्याला मिळाली नाही; अखेर तो प्रशिक्षक झाला, त्याने विश्वचषक जिंकून दिला आणि नियतीने आपले जुने देणे चुकते केले.

या कहाणीतला एकही तपशील खोटा नाही. आमची तक्रार आहे ती तपशिलांना बांधणाऱ्या दोऱ्याबद्दल. देणे, घेणे आणि चुकते होणे या हिशेबात ही गोष्ट बसवली की तिच्यातल्या तीन वेगवेगळ्या गोष्टींवर अन्याय होतो असे आम्हाला वाटते: मुजुमदारांच्या फलंदाजीवर, त्यांच्या शिकवण्यावर आणि ज्यांनी तो चषक प्रत्यक्ष जिंकला त्या मुलींवर. हा विषय क्रिकेटचा असला तरी या पानांवर तो मांडण्याचे कारण क्रिकेटचे नाही. आम्ही साहित्य शिकवणारी आणि शिकणारी माणसे आहोत. कहाण्यांची तपासणी हेच आमचे काम आहे.

आधी तो मूळ प्रसंग. फेब्रुवारी १९८८. मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेचा उपांत्य सामना, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, दोघांची अभंग भागीदारी ६६४ धावांची. शारदाश्रमने २ बाद ७४८ वर डाव सोडला. पुढचा फलंदाज होता अमोल मुजुमदार. गडी बाद झालाच नाही, त्यामुळे त्याला जाता आले नाही.

येथे जरा थांबून विचार करावा. त्या वेळी ही घटना त्या मुलाच्या बाबतीत काहीच सुचवत नव्हती. आपले दोन सोबती शेकड्यांनी धावा काढत असताना तिसऱ्याने बसून राहावे, ही कोणत्याही शालेय संघातली साधी बाब आहे. तिला ‘सूचक’ अर्थ मिळाला तो पुढच्या पंचवीस वर्षांनी. कादंबरीकार शेवट ठरवून मग पहिल्या प्रकरणात खुणा पेरतो. आयुष्यात खुणा मागाहून पेरल्या जातात, आणि त्या पेरणारे आपण असतो. त्या मैदानावरच्या तिघांपैकी पहिला पुढे २०० कसोटी सामने खेळला, दुसरा १७, तिसरा शून्य. १७ कसोटींत चोपन्नची सरासरी राखूनही कांबळींची कसोटी कारकीर्द १९९५ मध्येच संपली. म्हणजे ज्याची पाळी आली होती त्याच्याही वाट्याला सुफळ संपूर्ण कहाणी आली नाही. पॅड बांधून बसणे हे जर दुर्दैवाचे चिन्ह, तर नाबाद ३४९ हे कशाचे चिन्ह मानायचे?

आता त्या तिसऱ्याची फलंदाजी पाहू. १९९३-९४ च्या मोसमात मुंबईकडून हरियाणाविरुद्ध रणजी पदार्पणात त्यांनी २६० धावा केल्या. प्रथम श्रेणी पदार्पणातली ती तेव्हाची जगातली सर्वोच्च खेळी. मध्य प्रदेशच्या अजय रोहेराने डिसेंबर २०१८ मध्ये नाबाद २६७ करीपर्यंत तो विक्रम टिकला. पुढच्या दोन दशकांत १७१ प्रथम श्रेणी सामने, ११,१६७ धावा, ३० शतके, ४८ हून अधिक सरासरी. रणजी करंडकातला सर्वाधिक धावांचा अमरजित केपी यांचा विक्रम त्यांनी मागे टाकला. पुढे वसीम जाफर यांनी त्यांना मागे टाकले. २००६-०७ मध्ये मुंबईचे कर्णधार म्हणून, मोसमाच्या आरंभी ओळीने पराभव पत्करलेल्या संघाला त्यांनी करंडकापर्यंत नेले. त्या काळात भारताच्या मधल्या फळीत जागा का नव्हती याचे उत्तर सोपे आहे: तेंडुलकर आधीपासून होते, १९९६ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर द्रविड आणि गांगुली आले, त्याच वर्षाच्या अखेरीस लक्ष्मण आले. दरवाजा कोणी दुष्टपणे लावून घेतला होता असे म्हणता येत नाही. आतली माणसे बाहेर येत नव्हती, एवढेच.

पण या १७१ सामन्यांना कहाणीत काय स्थान आहे? ‘प्रतीक्षा’ हे. वीस वर्षांचा खेळ म्हणजे जणू एका दाराबाहेरचा बाक. रणजी सामना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिला आहे त्यांना हे किती अपुरे वर्णन आहे ते कळेल. चार दिवसांचा सामना, रिकाम्या पायऱ्या, सावलीच्या कोपऱ्यात पेन्शनर मंडळी, सीमारेषेबाहेर डबे घेऊन आलेले दोघे-चौघे. नवा चेंडू सोडून द्यायचा, अकराच्या उन्हात जम बसवायचा, जेवणानंतर फिरकीच्या पायाजवळ जायचे. टाळ्या नसल्या तरी चेंडू तितकाच वळतो. या खेळात माणूस दर चेंडूला हजर असावा लागतो. मनाने दिल्लीच्या निवड समितीच्या बैठकीत बसलेला फलंदाज पहिल्याच तासात बाद होतो. ज्याने तीस शतके काढली त्याने किमान तीस दिवस तरी कशाचीही वाट पाहिली नाही, एवढे नक्की म्हणता येईल. २००९ मध्ये, पस्तिशीच्या उंबरठ्यावर, मुंबई सोडून ते आसामकडून खेळायला गेले, मग आंध्रकडून. सप्टेंबर २०१४ मध्ये निवृत्त झाले. आसाम आणि आंध्रच्या त्या वर्षांत भारताच्या टोपीची आशा उरलेली नव्हती. तरी खेळ चालू होता. जे कारण संपल्यावरही उरते ते त्या कारणासाठी नव्हते असे मानायला जागा आहे.

मुंबईला अशा माणसाची ओळख पूर्वीपासून आहे. पद्माकर शिवलकर यांनी १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूचे आठ गडी त्यांनी अवघ्या १६ धावांत टिपले. बिशनसिंग बेदी समकालीन असल्यामुळे ते भारताकडून एकही कसोटी खेळले नाहीत. मार्च २०२५ मध्ये ते वारले. सुनील गावसकरांनी आपल्या आदर्श खेळाडूंवर जे पुस्तक लिहिले त्यात शिवलकरांना आणि हरियाणाच्या राजिंदर गोयल यांना त्यांनी जगप्रसिद्ध कसोटीपटूंच्या पंक्तीत बसवले. हा दयेचा मान नव्हता. स्वतः खेळलेल्या माणसाने खेळाची किंमत खेळावरून केली, टोपीवरून केली नाही. समीक्षेचे पहिले कलम आम्हाला वेगळे माहीत नाही.

हे आम्ही शहाडमध्ये बसून लिहितो आहोत. कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या गाडीचे पहिले स्थानक. एका बाजूला उल्हासनगर, नदीपलीकडे मोहने. मध्ये सेंच्युरी रेयॉनचा कारखाना. कल्याणच्या या भागात पिढ्यान्‌पिढ्या माणसे पाळीवर गेली. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. ‘पाळी’ या शब्दाचा अर्थ येथे संधी असा होत नाही, काम असा होतो. मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला तेव्हा कित्येकांची पाळी कायमची संपली. पहाटेच्या गाडीत आजही किटबॅग घेतलेली मुले चढतात, दादरला उतरून शिवाजी पार्ककडे जातात किंवा शेवटपर्यंत जाऊन आझाद मैदान गाठतात. बॅग उभी केली तर मुलाच्या खांद्याला लागते, आडवी केली तर डब्यातले लोक बोलतात. शेजारच्या डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे असाच लोकलने जाऊन भारताचा कर्णधार झाला, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पालकांना त्याहून अधिक ठाऊक असते. ती मुले दर वर्षी बदलतात. आधीच्या वर्षीची कोठे गेली हे कोणी विचारत नाही. एखादा कालांतराने जवळच्याच मैदानावर दिसतो, गळ्यात शिट्टी, समोर दहा-बारा पोरे.

शहाडला बिर्लांनी बांधलेले विठ्ठलमंदिर आहे. आषाढीला ज्यांना पंढरपूर गाठता येत नाही अशांची तेथे रीघ लागते. विठ्ठलाची गोष्ट वाट पाहण्याची आहे. पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतलेला, त्याने वीट पुढे सरकवली आणि देवाला थांबायला सांगितले. आता पुंडलिकाची सेवा केव्हाच संपली. ज्या कारणासाठी थांबायचे ते कारण उरले नाही, तरी देव उभाच आहे, आणि वारकरी त्या उभे राहण्याच्याच पाया पडतात. पुंडलिकाने पुढे देवाला आत बोलावले काय, आसन दिले काय, हे विचारायला कोणी पंढरीला जात नाही. एवढ्या फलश्रुत्या सांगणाऱ्या आपल्या परंपरेत ही एक गोष्ट फळावाचून पूर्ण झालेली आहे, याकडे आमचे लक्ष देवळात बसल्या बसल्या गेले.

आता प्रशिक्षकाकडे वळू. बास्केटबॉलसारख्या खेळात प्रशिक्षक रेषेला चिकटून उभा असतो. तो सामना थांबवतो, खेळाडू आत-बाहेर करतो, पुढची चाल फळ्यावर काढून दाखवतो. क्रिकेटमध्ये नाणेफेक झाली की मैदान कर्णधाराचे. प्रशिक्षक पायऱ्यांवर बसतो आणि जवळजवळ वाचक होतो. त्याचे काम आदल्या दिवशी संपलेले असते किंवा दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचे असते. परीक्षेच्या दालनाबाहेर ताटकळणारा शिक्षक ज्याने कधी अनुभवला आहे त्याला हे सांगायला नको.

या कलेत खेळाडू म्हणून मिळालेल्या मानाचा वाटा किती? मुजुमदारांचे गुरू रमाकांत आचरेकर स्वतः एकच प्रथम श्रेणी सामना खेळले होते. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या शिवाजी पार्कवरच्या नेटमधून कसोटीपटूंची रांगच निघाली, आणि त्यांच्या वियोगानंतर, डिसेंबर २०२४ मध्ये, त्याच मैदानावर त्यांचे स्मारक उभे राहिले. आचरेकरांचा एक सामना ही उणीव मानून ‘म्हणून ते शिकवू लागले’ असे म्हणणारा माणूस आम्हाला अद्याप भेटलेला नाही. शिकवणे ही त्यांची स्वतंत्र प्रतिभा होती, हे सारे निमूटपणे मान्य करतात. मग मुजुमदारांच्या बाबतीतच प्रशिक्षकपद हे भरपाईचे खाते का ठरावे?

याच नेटमधले आणखी एक नाव चंद्रकांत पंडित. यष्टिरक्षक-फलंदाज, १९८६ ते १९९२ दरम्यान पाच कसोटी. कारकिर्दीच्या उत्तरार्धात ते मध्य प्रदेशकडून खेळले, आणि १९९९ च्या एप्रिलमध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर त्यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेशचा संघ रणजी अंतिम सामन्यात कर्नाटकविरुद्ध उतरला. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी. म्हणजे शेवटचा दिवस तगून काढला असता तर करंडक त्यांचाच होता. दुसरा डाव १५० धावांत आटोपला, सामना ९६ धावांनी गेला. त्यानंतर पंडित प्रशिक्षक झाले. २००३ आणि २००४ मध्ये मुंबई, २०१६ मध्ये पुन्हा मुंबई, २०१८ आणि २०१९ मध्ये विदर्भ, असे पाच करंडक त्यांच्या हाताखाली जिंकले गेले. मग ते मध्य प्रदेशला परतले, आणि जून २०२२ मध्ये त्याच चिन्नास्वामी मैदानावर मध्य प्रदेशने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पंडितांना मैदानातच रडू कोसळले. तेवीस वर्षांनी, त्याच गवतावर. याहून गोळीबंद फलश्रुती कोणत्या कथाकाराला सुचेल?

पण त्या दिवशी हरलेला संघ कोणता होता? मुंबई. आणि मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुजुमदार. एकाच गुरूचे दोन शिष्य समोरासमोरच्या पायऱ्यांवर बसलेले. एकाला नियतीने न्याय दिला असे आपण म्हणतो तेव्हा त्याच क्षणी तिने दुसऱ्यावर अन्याय केला असे म्हणावे लागते, आणि तसे मात्र कोणी लिहिले नाही. कारण त्या दिवशीच्या कहाणीत नायक एकच होता. तीन वर्षांनी कॅमेरा वळला आणि तोच पराभूत प्रशिक्षक नायक झाला. नियतीच्या न्यायाची गोष्ट ही अशी कॅमेऱ्याच्या जागेवर अवलंबून असते. मध्य प्रदेशच्या फलंदाजांनी पहिल्या डावात तीन शतके ठोकून ५३६ धावा उभारल्या म्हणून ते जिंकले; १९९९ साली काय झाले याचा भार त्यांच्या बॅटवर नव्हता. त्यांच्यातले काही त्या वर्षी नुकतेच चालायला लागले होते.

२०२५ च्या विश्वचषकाकडे याच नजरेने पाहावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुजुमदार महिला संघाचे प्रशिक्षक झाले. स्पर्धेत भारत ओळीने तीन सामने हरला: दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, आणि १९ ऑक्टोबरला इंदूरमध्ये इंग्लंडकडून अवघ्या चार धावांनी. इंग्लंडविरुद्धच्या त्या सामन्यात जेमिमा रॉड्रिग्जला संघाबाहेर बसवले होते. निवड ही प्रशिक्षकाच्या कामातली सर्वांत कडू बाब. पाळी न येण्याचा अर्थ ज्याला ठाऊक आहे त्यालाही ती टाळता येत नाही. चार दिवसांनी जेमिमा परतली, तिसऱ्या क्रमांकावर गेली, न्यूझीलंडविरुद्ध नाबाद ७६ धावा केल्या. ३० ऑक्टोबरच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावांचा पाठलाग करताना ती पुन्हा तिसऱ्या क्रमांकावर उतरली. आपल्याला त्या जागी जायचे आहे हे जेमतेम काही मिनिटे आधी कळले, असे तिने नंतर सांगितले. ती नाबाद १२७ धावा करून परतली, आणि महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग पुरा झाला. अंतिम सामन्यात, जखमी प्रतिका रावलच्या जागी ऐन वेळी आलेल्या शेफाली वर्माने ८७ धावा केल्या आणि दोन बळी घेतले. दीप्ती शर्माने अर्धशतकाबरोबर पाच बळी घेतले. प्रतिका चाकांच्या खुर्चीतून मैदानात येऊन त्या आनंदात सामील झाली. तीनशेहून अधिक धावा करून जिला अंतिम सामना खेळता आला नाही, तिच्या गोष्टीचे काय करायचे हे कहाणी सांगणाऱ्यांना सुचले नाही, म्हणून ती एका छायाचित्रापुरती राहिली.

उपांत्य सामन्यात जेमिमा ८२ वर असताना यष्टिरक्षक अलिसा हीलीच्या हातून तिचा झेल सुटला. तो झेल टिपला गेला असता तर? भारत कदाचित हरला असता, नेरुळची ती रात्र वेगळ्या दोन संघांची झाली असती, आणि मुजुमदारांचे नाव आतल्या पानावर गेले असते. त्यामुळे ११,१६७ मधली एक तरी धाव कमी झाली असती काय? आदल्या दोन वर्षांत त्यांनी नेटमध्ये जे शिकवले ते चुकीचे ठरले असते काय? जो अर्थ दुसऱ्याच्या हातातल्या झेलावर टांगलेला असतो तो त्या आयुष्याचा अर्थ नसतो, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

शिवाय हा विजय कोणाची जुनी थकबाकी असेलच तर ती महिला क्रिकेटची आहे. १९७३ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली. नियामक मंडळाने महिला क्रिकेट आपल्या छत्राखाली घेतले ते २००६ मध्ये. मधल्या तेहतीस वर्षांत पदरमोड करून खेळलेल्या किती जणी! २००५ मध्ये सेंच्युरियनला आणि २०१७ मध्ये लॉर्ड्सवर अंतिम सामने हातचे गेले. लॉर्ड्सवर तर नऊ धावांनी. नेरुळला विजयानंतर मुलींनी तो चषक मिताली राज, झुलन गोस्वामी आणि अंजुम चोप्रा यांच्या हाती दिला. या तिघींच्या हातात तो पाहताना ज्यांना बरे वाटले त्यांत आम्हीही होतो. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की त्या मुलींनी ‘आम्ही तुमच्यासाठी जिंकलो’ म्हणून आपला विजय त्यांच्या नावावर केला नाही. हातात दिला, आणि परत घेतला. वारसा मानणे आणि थकबाकी फेडणे यांतला फरक त्या कृतीत होता.

या प्रश्नात आम्हाला इतका रस का, हे सांगायला हवे. आम्ही पंचवीस वर्षांहून अधिक काळ मराठी शिकवतो आहोत. विद्यार्थिदशेत एका दिवाळी अंकात आमच्या दोन कविता छापून आल्या होत्या. त्यानंतर वह्या भरल्या, छापले काही गेले नाही. शिक्षकांच्या खोलीत, ज्यांना लिहिता येत नाही ते शिकवतात, हा विनोद वर्षातून एकदा तरी होतोच आणि आम्हीही हसतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीची कादंबरी प्रसिद्ध झाली. चांगली कादंबरी, तिच्यातली कामगारवस्ती अशी लिहिली आहे की नळावरच्या भांडणाचा सूर कानी पडावा. प्रकाशन समारंभात तिने आमचा उल्लेख केला, आणि भाषणाच्या ओघात म्हणाली, “सरांचं जे राहून गेलं, ते माझ्या हातून झालं.” टाळ्या पडल्या. तिच्या मनात केवळ कृतज्ञता होती, याविषयी आम्हाला शंका नाही. तरी घरी येताना ते वाक्य टोचत राहिले.

कारण ती कादंबरी आमच्या हातून राहून गेलेली नव्हती. ती तिची होती, तिने जागून लिहिलेली, तिच्याच आजीच्या बोलीत. आमच्या वहीतल्या कविता त्या कादंबरीने पुऱ्या झाल्या नाहीत, आणि होऊही नयेत. त्या अपुऱ्या आहेत. बऱ्याच वाईटही आहेत. पण आमच्या आहेत. आणि शिकवणे? मर्ढेकरांची एखादी कविता वर्गात उलगडताना शेवटच्या बाकावरचा मुलगा वाचता वाचता थबकतो, त्या क्षणी आम्ही कवी न झाल्याची भरपाई घेत नसतो. आम्ही ते काम करीत असतो, आणि ते काम आम्हाला येते. शिष्याच्या यशात आपले अपयश बुडवणारा गुरू शिष्याकडून हप्ता घेत असतो. आपल्या परंपरेला अशा गुरूचे नाव माहीत आहे. त्याने अंगठा मागितला होता.

मुजुमदारांनी आपल्या मनात काय हिशेब मांडला हे आम्हाला माहीत असण्याचे कारण नाही. त्या रात्री कर्णधार हरमनप्रीत कौरने त्यांच्या पायांना हात लावला आणि मग मिठी मारली, हे सर्वांनी पाहिले. त्या नमस्काराची मुळे कोठे असतील? पॅड बांधून बसलेल्या मुलात तर खास नव्हेत. तो मुलगा हरमनप्रीत जन्मण्याआधीचा. ती असलीच तर ओळीने तीन पराभव झाल्यानंतरच्या सरावांत, बाहेर बसवलेल्या खेळाडूला पुन्हा उभे करण्यात, कोणाला कोणत्या क्रमांकावर पाठवायचे याच्या खलबतांत. म्हणजे कामात. तो नमस्कार शिक्षकाला होता, वंचित खेळाडूला नव्हता. दोघांना एकच समजण्याची घाई आपण केली.

आता उरतात ती शहाड-कल्याणच्या मैदानांवरची माणसे, गळ्यात शिट्टी असलेली. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला विश्वचषक येणार नाही. पहाटेच्या गाडीतल्या बहुतेक मुलांच्या वाट्याला मुंबईचा संघसुद्धा येणार नाही. भरपाईची कहाणी खरी मानली तर ही सारी आयुष्ये अपुरी, फलश्रुतीचे पान फाटलेल्या पोथीसारखी. आम्ही ती तशी वाचायला तयार नाही. सरळ बॅटने खेळलेला चेंडू मैदानात कोणी नसतानाही सरळ खेळलेलाच असतो, आणि तो तसा कसा खेळावा हे दाखवणाऱ्याचे काम तेथेच पुरे झालेले असते. परीक्षेत ‘तात्पर्य लिहा’ असा प्रश्न आपण शिक्षकच घालतो. मुजुमदारांच्या चरित्रावर उद्या असा प्रश्न आला, तर १७१ सामने, ११,१६७ धावा, आणि त्यानंतर शिकवण्याची अकरा वर्षे, एवढेच लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कापू नयेत.